हौसेचा हिशोब – भाग ७ : जुन्या मोटारी बघायला जायचं तर

गेल्या आठवड्यात शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा, हिशोब मांडला होता. तळेगाव दशासरच्या पटाला जाणाऱ्याच्या खिशाला फारसा चटका बसत नाही. खरा खर्च जोडीवाल्याचा. बैलांचा वर्षभराचा खुराक, टेम्पोचं भाडं, जोडी हाकणाऱ्या धुरकऱ्याची मर्जी सांभाळणं, आणि एवढं करून जोडी धावते काही सेकंद. ते वाचून आमच्या धनजच्या पारावर एकाने विचारलं की जुन्या मोटारींच्या त्या मोठ्या प्रदर्शनाचंही असंच असतं का? मोबाइलवर त्याने रोल्स-रॉइस आणि ब्यूकची रांग पाहिली होती. जायचं तर किती लागतील, हा त्याचा प्रश्न. मी अंदाज सांगितला, तर शेजारचे आजोबा म्हणाले, "नुसतं पाह्याले एवढे पैसे?"

आजोबांचं आश्चर्य रास्त आहे, कारण यातला बहुतेक पैसा बघण्याला लागतच नाही. तो पोचण्याला लागतो.

आपल्याकडे अशा मेळाव्यांचे दोन प्रकार. एक रस्त्यावरचा, म्हणजे रॅली. दिल्लीची ‘स्टेट्समन’ वृत्तपत्राची रॅली १९६४ पासूनची. तिच्यात राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाचा १९१४ सालचा ‘जॉन मॉरिस’ आगीचा बंबही धावलेला आहे. मुंबईत ‘व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया’ची रॅली अनेक वर्षं फोर्टातल्या हॉर्निमन सर्कलहून निघत आली. रविवारी सकाळी गाड्या रांगेने उभ्या राहतात, झेंडा पडतो आणि सगळा ताफा शहरातून फिरून येतो. फुटपाथवर उभं राहणाऱ्याला तिकीट नाही. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर बसून बघा, कुणी हटकणार नाही.

दुसरा प्रकार हिरवळीवरचा. फ्रेंच नाव कॉंकूर. इथे गाड्या उभ्या असतात आणि परीक्षक हातात कागद घेऊन बोल्टापासून शिवणीपर्यंत सगळं तपासतात. कार्तिए या दागिन्यांच्या कंपनीने २००८ मध्ये मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर असा मेळावा भरवला होता. तिथे पैशाचा प्रश्नच नव्हता, कारण प्रवेश निमंत्रितांनाच. ‘२१ गन सॅल्यूट’ हा २०११ मध्ये दिल्लीत सुरू झालेला दुसरा मोठा मेळावा. जानेवारी २०२३ मध्ये तो बडोद्याला, गायकवाडांच्या लक्ष्मी विलास राजवाड्यात झाला. बडोदा म्हणजे मराठी माणसाचं अर्धं आजोळच, शिवाय हावडा–अहमदाबाद गाडी बडनेऱ्याहून भुसावळ, सुरत करत थेट तिथे जाते. वऱ्हाडातल्या माणसाला बडोदा मुंबईपेक्षा फार अवघड नाही, ही गोष्ट आपल्या लक्षातच येत नाही.

आता धनजहून मुंबईचा हिशोब. आपलं गाव कारंजा तालुक्यातलं, वाशीम जिल्ह्याच्या कडेला. रेल्वेसाठी मूर्तिजापूर किंवा बडनेरा गाठायचं. तिथवर एसटी. बायामाणसांना अर्धं तिकीट, पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना तेही नाही, म्हणजे पारावरचे आजोबा इथपर्यंत फुकट येतात. पुढे रात्रीची अमरावती–मुंबई किंवा विदर्भ एक्सप्रेस. स्लीपरचं तिकीट एका बाजूचं चारशेच्या आसपास. शनिवारी रात्री बसलं की रविवारी सकाळी सीएसएमटी. तिथून हॉर्निमन सर्कल चालत पंधरा-वीस मिनिटं, त्यामुळे रविवारच्या मेगाब्लॉकशी आपला संबंध नाही. संध्याकाळी परतीची गाडी, सोमवारी सकाळी घरी. खाणंपिणं, चहा, एसटी धरून माणशी पंधराशे ते दोन हजारांत काम भागतं. स्टेशनासमोर पंचम पुरीवाला आहेच.

या आकड्याला एकच फाटा फुटतो, तो तारखेचा. मोटारींच्या मेळाव्याची तारीख पोलीस, पालिका आणि पुरस्कर्ते यांच्या परवानग्यांतून पक्की होते आणि बरेचदा उशिरा जाहीर होते. रेल्वेचं आरक्षण मात्र साठ दिवस आधी उघडतं आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या शनिवारी रात्रीची मुंबईची गाडी लवकर भरते. मग तत्काळचे जादा पैसे, नाहीतर वेटिंगवर दाराशी बसून प्रवास. माझा सल्ला असा की तारखेची नुसती कुणकुण लागली तरी तिकीट काढून ठेवावं. ते रद्द करण्यात जातात ते पैसे तत्काळपेक्षा फार नसतात आणि जीव टांगणीला राहत नाही.

चौघांनी मिळून गाडी करून जावं, हा विचार समृद्धी महामार्गामुळे सगळ्यांनाच सुचतो. कारंजाहून चढलं की थेट आमणे, म्हणजे महामार्गाचं मुंबईकडचं टोक. तोही हिशोब करून बघू. जून २०२५ मध्ये नागपूर–मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा खुला झाला. मोटारीला टोल किलोमीटरला २ रुपये ६ पैसे. कारंजा ते आमणे साडेपाचशे किलोमीटर धरले तर जाण्याचा टोल अकराशे तेहतीस, येण्याचा तेवढाच. गावापासून मुंबईतल्या शेवटच्या सिग्नलपर्यंतचं येणं-जाणं मिळून साडेबाराशे किलोमीटर होतात. लिटरला अठराची सरासरी धरली तर सत्तर लिटर पेट्रोल, म्हणजे सव्वासात हजारांच्या वर. टोलसकट साडेनऊ हजार. त्यात फोर्टात गाडी उभी करायची जागा शोधणं आलं आणि रात्रभर गाडी चालवलेल्या माणसाने उन्हात उभं राहून दुसऱ्यांच्या गाड्या बघणं आलं. चौघांत वाटले तरी माणशी चोवीसशे होतात. रेल्वेने हाच प्रवास माणशी हजाराच्या आत होतो. समृद्धी इतर शंभर कामांना उपयोगी आहे, या कामाला नाही.

मुक्काम करायचाच असेल तर वऱ्हाडातल्या माणसाला माहीत असलेला जुना मार्ग आहे, आमदारनिवास. साहेबांचं पत्र आणि खोली रिकामी असण्याचा योग दोन्ही जुळले तर आकाशवाणीजवळचं निवास फोर्टाला अगदी लागून आहे. ते जुळलं नाही तर लॉजचे दोन-अडीच हजार मोजावे लागतात. एका सकाळच्या कार्यक्रमासाठी ते मोजणं मला पटत नाही.

शेतकऱ्याचा आणखी एक खर्च तिकिटाच्या कागदावर दिसत नाही. हे मेळावे थंडीत भरतात, कारण जुनं इंजिन उन्हाळ्यात गाडीवानाचा घाम काढतं. आपल्याकडे त्याच दिवसांत तुरीची सोंगणी-मळणी, कापसाची शेवटची वेचणी आणि घाटे धरलेल्या हरभऱ्याची राखण असते. दोन दिवस घरचा माणूस नाही म्हणजे मजूर वाढवा, किंवा भावकीत कुणाला तरी सांगून जा आणि तो उपकार पुढे फेडा. पगारदाराचा रविवार फुकट असतो. आपला नसतो.

आता फुटपाथच्या पलीकडे बघू. हॉर्निमन सर्कलला लवकर पोचलं तर गाड्या सुरू होण्याआधीची खटपट दिसते, आणि मला रॅलीपेक्षा तीच जास्त आवडते. तीसच्या दशकातल्या गाडीखाली पत्र्याचा ट्रे सरकवलेला असतो, कारण जुनं इंजिन तेल गाळतंच. मालक कोट घालून फोटोला उभा असतो आणि मिस्त्री बॉनेटची एक बाजू पंखासारखी उचलून आत मान घालून असतो. चोक ओढायचा, पेट्रोल चढलं का बघायचं, मग पुढून हँडल घालून अर्धा फेरा. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवतात, मुठीसारखा वळवत नाहीत. इंजिनाने उलटा झटका दिला तर अंगठा मोडतो. ताफ्याच्या मागे एक साधी व्हॅन असते. तिच्यात पाण्याचे कॅन, जादा कॉइल, फॅनबेल्ट आणि दोरखंड. सिग्नलला दहा मिनिटं अडकलं की रेडिएटर उकळतो, त्याची ही तयारी.

ही सगळी तयारी मालकाच्या पैशाने. बाहेरगावची गाडी सहसा ट्रकवर घालून आणतात, कारण रस्त्यात बंद पडली तर तिचा पार्ट कुठल्याच दुकानात मिळत नाही. टायर बहुधा परदेशातून मागवायचे, तेही मापाने. १९५० च्या आधीच्या अनेक गाड्यांची बॅटरी सहा व्होल्टची. पेट्रोलची तर वेगळीच गोष्ट. शिसं घातलेलं पेट्रोल २००० साली देशातून गेलं. त्या शिशाच्या भरवशावर बनवलेल्या जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्हसीट त्यामुळे लवकर झिजतात. आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं. इथेनॉल ओल धरतं आणि जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरची गॅस्केटं खातं. म्हणून काही जण इथेनॉल नसलेलं शंभर ऑक्टेनचं पेट्रोल शोधतात. इंडियन ऑइलने ते २०२० च्या डिसेंबरमध्ये बाजारात आणलं तेव्हाच त्याचा भाव लिटरला १६० च्या घरात होता. गाडी लिटरला चार-पाच किलोमीटर चालणार. म्हणजे शंकरपटाचाच नियम इथेही लागतो : बघणारा जवळजवळ फुकट बघतो, मिरवणारा त्याचे पैसे भरतो.

परदेशात हा नियम अर्धाच चालतो. लंडन ते ब्रायटन ही १९०५ च्या आधीच्या गाड्यांची दौड दर नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी असते. १८९६ मध्ये इंग्लंडने मोटारींवरची जाचक वेगमर्यादा शिथिल केली, त्या आनंदात निघालेल्या दौडीची ही आठवण. रस्त्याकडेला उभं राहून ती फुकट बघता येते. डेट्रॉइटजवळची वुडवर्डची दौडही रस्त्यावरची, तीही फुकट. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचचं मात्र उलट आहे. १९५० पासून ऑगस्टमध्ये समुद्रकाठच्या गोल्फ मैदानावर भरणारा हा जगातला सर्वांत मानाचा कॉंकूर. एका दिवसाचं साधं तिकीटच पाचशे डॉलरच्या वर, म्हणजे चाळीस हजारांहून जास्त. अमेरिकेच्या व्हिसाचे १८५ डॉलर आणि विमान वेगळं. तिथे २०१२ आणि २०१८ मध्ये भारतातल्या राजेमहाराजांच्या गाड्यांचा खास वर्ग होता. गाडी तात्पुरती परदेशी न्यायची तर ‘कार्ने’ नावाची कागदपत्रं लागतात. गाडी परत येईल याची ती हमी असते, आणि तिच्यासाठी मोठी रक्कम अडकवून ठेवावी लागते. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन ही कागदपत्रं देत आली आहे. सॅन होजे किंवा सनीव्हेलला लेक-जावई असलेल्या मराठी आईवडिलांना पेबल बीच दोनेक तासांवर आहे. त्यांनी तिकिटाचा आकडा ऐकून मागे फिरायचं कारण नाही. त्याच आठवड्यात आसपासच्या गावांत रस्त्यावर उभ्या राहणाऱ्या गाड्या फुकट बघता येतात.

पारावरच्या त्या तरुणाने शेवटी विचारलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटलं : आपल्याकडची गाडी अशा मेळाव्यात नेता येते का? त्याच्या मामाकडे शेडमध्ये फियाट उभी आहे, १९६८ ची. उत्तर हो. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरचं दुचाकी किंवा चारचाकी वाहन मूळ रूपात राखलेलं असेल तर ते व्हिंटेज म्हणून नोंदवता येतं. राजेमहाराजांची अट कुठेही नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातल्या फियाट ११०० ला हे वय केव्हाच झालं. तीच गाडी १९७४ च्या सुमारास प्रीमियर पद्मिनी झाली, म्हणजे पहिल्या पद्मिन्याही आता पन्नाशीत आल्या. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आपल्याकडे शेतात-शेडमध्ये उभ्या असलेल्यांची मोजदाद कुणी केलेली नाही. जुन्या जावा, राजदूतही यात बसतात.

नव्याने नोंदणीचे वीस हजार, ती दहा वर्षं टिकते, नूतनीकरणाचे पाच हजार. नंबरप्लेटवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. पण अशी गाडी रोज बाजाराला न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यासाठीच रस्त्यावर आणायची. व्यवसायासाठी वापर बंद, म्हणजे भाड्याने वरातीला देता येणार नाही. हे कळल्यावर मामाचा उत्साह निम्म्यावर आला, असं भाचा सांगत होता. मी त्याला म्हटलं, घाई नको. आधी मूर्तिजापूरहून दोन तिकिटं काढा, मामाला हॉर्निमन सर्कलला न्या आणि तिथल्या फियाटवाल्या मिस्त्रीचा फोन नंबर घेऊन या. मालकाचा नको, मिस्त्रीचाच.

पुढच्या भागात : गावात भजनी मंडळ काढायचं तर पेटी, पखवाज आणि टाळांचा खर्च.