होडी चार आण्यांची, जागा बारा आण्यांची

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्स परगण्यात, ब्लॅकवॉटर नावाची खाडी आहे. ओहोटी लागली की तिचे पाणी बघता बघता आटते आणि नजर पोचेल तिथवर काळपट चिखल उघडा पडतो. शिवडीच्या किंवा ठाण्याच्या खाडीकाठी राहिलेल्याला तो वास आणि तो रंग ओळखीचा वाटेल. फरक एवढाच, की या चिखलात कितीतरी शिडाच्या होड्या उभ्या असतात. काही दोन पायांवर टेकल्यासारख्या सरळ, काही एका कुशीवर लवंडलेल्या. काही तासांनी पाणी परत येते, होड्या एकेक करून तरंगू लागतात आणि प्रार्थनेला उभ्या राहिलेल्या शाळकरी मुलांसारखी सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला होतात.

हौसेची शिडाची होडी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पांढऱ्या कपड्यांतला कोणी धनिक येतो. या होड्यांचे मालक तसले नाहीत. कोणी शिक्षक, कोणी सुतार, कोणी पेन्शनीत निघालेला कारकून. त्यांना ही हौस परवडते कशी, याचे उत्तर त्या चिखलात आहे.

होडी स्वस्त झाली त्याला साठ वर्षे होऊन गेली. १९६३ साली ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पाठबळाने प्लायवूडची एक छोटी शिडाची होडी बाजारात आली. सुटे भाग आणायचे आणि घरच्या गॅरेजमध्ये जोडायचे. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. लाल शिडांच्या या ‘मिरर’ने हजारो कुटुंबांना पाण्यावर नेले. त्याच सुमारास फायबरग्लासचे दिवस आले आणि साच्यातून एकसारख्या होड्या निघू लागल्या. ‘वेस्टर्ली’ कंपनीने १९६९ मध्ये काढलेल्या ‘सेंटॉर’ या २६ फुटी होडीत झोपायला जागा होती, स्वयंपाकाला ओटा होता. अशा दोन हजारांहून अधिक होड्या खपल्या. फायबरग्लास लाकडासारखे कुजत नाही. त्यामुळे त्या काळच्या होड्या आजही तरंगत आहेत आणि जुन्या मोटारीच्या किमतीत मिळतात. क्वचित एखादा थकलेला मालक ‘घेऊन जा’ एवढेच म्हणतो.

नवखा फसतो तो इथेच. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला, ही म्हण जणू होडीसाठीच केलेली असावी. होडी घेतली, पण ती ठेवायची कुठे?

दक्षिणेच्या सोलंट भागात मरिना आहेत. मरिना म्हणजे होड्यांचा सोयीस्कर वाहनतळ. तरंगत्या फलाटाला होडी बांधायची, चपला न भिजवता चढायचे. वीज, पाण्याचा नळ, स्नानगृह, राखणदार, सगळे हजर. भाडे होडीच्या लांबीवर, मीटरच्या हिशेबाने. आठ मीटरच्या होडीला तिथे वर्षाला कित्येक हजार पौंड लागतात. म्हणजे काही वेळा वर्षाचे भाडे होडीच्या किमतीहून जास्त! पगारदार माणसाने त्या वाटेला जाऊ नये. त्याच्यासाठी आहे मूरिंग.

साखळी, कडी आणि हातभर दोर

मूरिंग हा कायमचा रोवलेला नांगर. तळाशी काँक्रीटचा मोठा ठोकळा, लोखंडाचे अवजड धूड किंवा छत्रीच्या आकाराचा नांगर गाडतात. त्याला जाडजूड साखळी, तिला पुढे थोडी हलकी साखळी, मध्ये पीळ पडू नये म्हणून फिरती कडी, आणि वर तरंगता बोया. होडी आली की बोया उचलायचा, त्याचा दोर नाळेवरच्या खुंटाला अडकवायचा. वारा आणि ओघ फिरेल तशी होडी बोयाभोवती फिरते. अशी प्रत्येक होडीला फिरायला मोकळे पाणी लागते, म्हणून जागा मोजक्याच असतात. इंग्लंडच्या किनाऱ्यालगतचा समुद्रतळ बहुतांशी ‘क्राउन इस्टेट’ या राजसत्तेच्या मालमत्तेत मोडतो. तिच्याकडून बंदराची मंडळे, स्थानिक समित्या आणि क्लब भाडेपट्ट्याने तळ घेतात आणि पुढे एकेक बोया सभासदाला देतात. आडबाजूच्या चिखलातला बोया वर्षाला काही शे पौंडांत मिळतो. मात्र चांगल्या बंदरात त्यासाठी वर्षानुवर्षे यादीत नाव टाकून बसावे लागते. होडी विकत घेतली म्हणजे विकणाऱ्याचा बोयाही आपल्याला मिळाला, अशी समजूत करून घेणाऱ्यांची तर पुष्कळदा फजिती होते. बोया बहुतेक ठिकाणी माणसाच्या नावावर असतो, होडीच्या नव्हे.

वाचलेल्या पैशांची भरपाई मालकाला लक्ष देऊन करावी लागते. साखळीचा सर्वांत जास्त झिजणारा भाग पाण्याखाली, अगदी तळाजवळ असतो. प्रत्येक लाटेबरोबर तिथली साखळी उचलली जाते, आपटते, वाळूत घासते. जोडकडीची पिन तारेने बांधली नाही तर ती हळूहळू उलगडते. चकाकी पाहून स्टेनलेस स्टीलची कडी जस्ताचा मुलामा दिलेल्या साखळीला लावली, तर खाऱ्या पाण्यात दोन धातूंचा संयोग होऊन साखळीच लवकर खाल्ली जाते. म्हणून वर्षातून एकदा तरी सगळे उचलून पाहायचे. खोल पाण्यातल्या मूरिंगला त्यासाठी पाणबुड्या किंवा क्रेनवाली नौका बोलवावी लागते. चिखलातल्या मालकाला तो खर्च नाही. मोठ्या ओहोटीला तो गमबूट चढवून चालत जातो, कडी न् कडी हाताने तपासतो, जाडी मोजतो.

एवढे करूनही घात होतो तो अनेकदा शेवटच्या हातभर दोराने. १९८७ च्या ऑक्टोबरात, १५ आणि १६ तारखांच्या मधल्या रात्री, दक्षिण इंग्लंडवर भयानक वादळ आले. असंख्य होड्या मूरिंगवरून सुटून किनाऱ्यावर आदळल्या. वादळात होडी नाळ वरखाली आपटत राहते आणि दोर जिथे काठावरून वळतो तिथे करवतीसारखा घासला जातो. साखळी शाबूत आणि दोर तुटलेला, असे चित्र मग सकाळी दिसते. जाणता माणूस त्या जागी रबरी नळीचा तुकडा चढवतो आणि जोडीला दुसरा दोर बांधतो. खर्च म्हणाल तर काहीच नाही.

पंचांग पाहून निघणारे

आता त्या दोन पायांविषयी. साध्या शिडाच्या होडीला तळाखाली मधोमध एकच खोल, वजनदार कील असते. ओहोटीत अशी होडी आडवी होते. ‘सेंटॉर’सारख्या होड्यांना दोन बाजूंना दोन आखूड कील असतात, म्हणून त्या चिखलात सरळ बसतात. उथळ पाण्याच्या होड्यांचा सर्वांत मोठा कैवारी म्हणजे मॉरिस ग्रिफिथ्स. १९२६ पासून १९६७ पर्यंत, मधला युद्धकाळ सोडता, ‘यॉटिंग मंथली’ मासिकाचे संपादक असलेला हा गृहस्थ याच पूर्व किनाऱ्यावर वाढला. बेताच्या कमाईच्या माणसाने स्वतः बांधावी अशी ‘ईव्हनटाइड’ ही होडी त्याने आखली. चिखलात बसणारी होडी म्हणजे स्वस्त जागा, हे त्याने पुरते ओळखले होते.

पण चिखलातली जागा घेतली की घड्याळ आपले राहत नाही, चंद्राचे होते. कोकणातला मच्छीमार तिथीचा पाऊणपट करून भरतीची वेळ काढतो: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. गंमत म्हणजे ब्लॅकवॉटर खाडीतही अमावस्या-पौर्णिमेची भरती बाराच्या आगेमागे येते. त्यामुळे आपले हे गणित तिथेही जवळपास चालावे. उन्हाळ्यात तिथली घड्याळे एक तास पुढे असतात, तेवढा तास मिळवायचा. उधाणाला पाणी चढते-उतरते तेही मुंबईसारखेच, साडेचार मीटरच्या आसपास.

समजा, भरतीच्या आधी तीन तास आणि नंतर तीन तास होडी तरंगते. पौर्णिमेचा रविवार असेल तर दिवसाढवळ्या सहा तास मिळाले. साधले तर उत्तम, उशीर झाला तर रात्रीच्या भरतीपर्यंत बाहेरच नांगर टाकून बसा. अष्टमीच्या रविवारी पहाटे उठून निघायचे, नाही तर दुपारभर काठावर चहा पीत राहायचे. आणि भांगाची भरती इतकी कमी, की काही जागी पाणी होडीला उचलतच नाही. सासरचे पाहुणे, मुलांच्या परीक्षा आणि भरतीचे कोष्टक यांचा मेळ घालता घालता उन्हाळा निघून जातो. पुष्कळ घरांत होडी विकायचा विषय निघतो तो पैशांमुळे नव्हे, या वेळापत्रकामुळे.

बोयापर्यंत पोचायला वल्ह्यांचे एक होडके लागते. सगळ्या प्रवासात जपायचे ते इथेच. मोठ्या होडीवर सावध असलेला माणूस या दोनशे हातांच्या अंतरात निष्काळजी होतो. होडक्यात चार माणसे, खाण्याच्या पिशव्या, वर रात्रीचा अंधार, आणि पाणी तर मे महिन्यातही हुडहुडी भरवणारे. जीवरक्षक जाकीट मोठ्या होडीवर गेल्यावर घालू, असे म्हणण्यात अर्थ नसतो. ते काठावरच घालायचे.

तळाला चिकटणाऱ्या शिंपल्या-शेवाळाचा खर्च वेगळा. एके काळी कथिलयुक्त विषारी रंग फार टिकायचे. पण त्या विषाने कालवांची कवचे वेडीवाकडी होऊ लागली, आणि या खाडीच्या तोंडाशी असलेले मर्सी बेट तर कालवांसाठीच प्रसिद्ध. १९८७ मध्ये ब्रिटनने लहान नौकांना तो रंग बंद केला. आता दर वसंतात तळ खरवडून तांब्याचा रंग द्यायचा. मरिनातला माणूस त्यासाठी क्रेन मागवतो. खाडीतला माणूस होडी खांबांना टेकवून बांधतो, पाणी ओसरले की ब्रश आणि बादली घेऊन खाली उतरतो आणि भरती पायाला लागेपर्यंत हात चालवतो.

आपल्याकडे गेटवेसमोर मूरिंगवर डोलणाऱ्या शिडाच्या होड्या पावसाळ्याआधी वर काढतात, कोळीवाड्यात मासेमारीच्या होड्या शाकारून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यात जातात. इंग्लंडमध्ये हेच हिवाळ्यात. क्रेनचे भाडे आणि काठावरच्या जागेचे भाडे मिळून कधी कधी बोयाच्या वर्षभराच्या भाड्याएवढे होते. काहीजण म्हणून होडी एखाद्या आडोशाच्या चिखलात थंडीभर तशीच रुतवून ठेवतात. विमा कंपनी त्याला राजी आहे का, हे मात्र आधी विचारावे लागते. शिवाय दुसऱ्याच्या होडीचे नुकसान भरून देणारा विमा असल्याखेरीज बहुतेक बंदरे बोया देतच नाहीत.

दोन-तीन कुटुंबांनी मिळून होडी घ्यायची पद्धतही तिकडे रुळलेली आहे. खर्च वाटला जातो, आणि पंधरा दिवसांतून एकदा होडीकडे जाऊन पाणी उपसून येणारे कोणी ना कोणी असते. कोणत्या महिन्यात होडी कोणाची आणि एकाला बाहेर पडायचे झाले तर वाटा किती, एवढे कागदावर लिहून ठेवले की भांडणे टळतात. एकट्या मालकाचे तसे नसते. गुडघे दुखू लागतात, होडक्यात उतरणे नको वाटते, एक उन्हाळा चुकतो, मग दुसरा. होडीवरचे कापड फाटते, आत पावसाचे पाणी साचते, डोलकाठीवर पक्षी बसू लागतात.

न कुजणाऱ्या फायबरग्लासचा गुण इथे दोष ठरतो. लाकडी होडी निदान मोडून जळणाला जायची. ही जळणाला चालत नाही, वितळवून पुन्हा वापरता येत नाही, आणि तोडून विल्हेवाट लावायला तिच्या किमतीहून जास्त पैसे लागतात. ब्रिटनच्या कितीतरी खाड्यांत अशा बेवारस होड्या पडून आहेत. बंदराचे लोक पत्र पाठवतात, मग होडीवर नोटीस डकवतात, मुदत संपली की ती ओढून काठाला नेतात. बोया मात्र फार दिवस रिकामा राहत नाही. यादीतल्या पुढच्या नावाला त्याच आठवड्यात कळवले जाते.