कंपरोधक की कंपविलगक?

पारिभाषिक शब्द अपुरा असला, तर व्याख्येने ती उणीव भरून काढता येते. परंतु तो विपरीत कल्पना सुचवू लागला, तर व्यवहारातही हानी होते. अवजड दाबयंत्राखाली, म्हणजे कारखान्यातील ‘पॉवर प्रेस’खाली, बसविण्यात येणारी ‘कंपरोधक’ बैठक हे याचे उदाहरण होय.

मिरजेत तयार होणाऱ्या तंबोऱ्याची घोडी तारेचे कंप तबकडीकडे पोचविते. यंत्राच्या बैठकीचे कार्य नेमके याच्या उलट असते. यंत्र पायाशी बोल्टांनी घट्ट जखडले, म्हणजे त्याचा ठोका जमिनीत उतरतो आणि शेजारच्या भिंतींना व सूक्ष्ममापनाच्या उपकरणांना उपद्रव देतो. मध्ये स्प्रिंग किंवा रबर घातले असता यंत्र स्वतः मंदपणे खालीवर झुलते आणि तीव्र, क्षणिक बल सौम्य व दीर्घ होऊन पायाला मिळते. कंप येथे रोधला जात नाही. उलट यंत्र पूर्वीपेक्षा अधिकच हलते. तुटतो तो त्याचा पायाशी असलेला ताठर संबंध.

‘रोधक’ या शब्दामुळे बैठक जितकी कठीण तितकी चांगली, असा समज होतो. तो किती घातक आहे, हे गणिताने स्पष्ट होईल. यंत्राच्या भाराने स्प्रिंग १ मि.मी. दबत असेल, तर त्याची स्वाभाविक कंपसंख्या सेकंदास सुमारे १६ असते, ४ मि.मी. दबत असेल, तर सुमारे ८. मिनिटास ९६० फेरे घेणारी मोटर सेकंदास १६ फेरे घेते. म्हणजे पहिल्या, अधिक कठीण बैठकीवर अनुनाद होऊन कंप वाढतील. दुसरीवर, शमन अत्यल्प असल्यास, पायाला पोचणारे बल सुमारे एकतृतीयांश होईल. अशा अखंड कंपांच्या बाबतीत प्रेरक कंपसंख्या स्वाभाविक कंपसंख्येच्या सुमारे १.४१ पटींहून अधिक असेल, तरच बैठकीचा उपयोग होतो.

म्हणून ‘कंपविलगक’ ही संज्ञा अधिक यथार्थ वाटते. २०२० च्या साथीत ‘विलगीकरण’ हा शब्द घरोघरी पोचला. विलगीकरणाने रोग बरा होत नाही, संसर्गाचा मार्ग तुटतो, हे सर्वांस ठाऊक झाले. यंत्राच्या बाबतीतही अर्थ तोच आहे. ‘कंपशमक’ हा शब्द मात्र कंपाची ऊर्जा उष्णतेत जिरविणाऱ्या साधनासाठी राखून ठेवावा. या दोन क्रिया शब्दांत वेगळ्या राहिल्या, तरच त्या विचारात आणि निवडीत वेगळ्या राहतील.