माळ आणि मेंढरं (लेखांक ६) : लोकर बांधावर, लेंडी शेतात

गेल्या आठवड्यात आपण घोंगडी विणणाऱ्या सनगरांच्या मागापाशी थांबलो होतो. सुताला चिंचोक्याची खळ कशी लावतात ते पाहत होतो. आज लोकर जिच्या अंगावर उगवते तिच्याकडं वळू.

दख्खनी मेंढी वर्षातून दोनदा कातरतात. लोकर काळी-करडी, जाड, भरड. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. ते मऊ, म्हणून जावळाच्या घोंगडीला मान. बाकीची लोकर अंगाला टोचते, स्वेटरच्या कामाची नाही. घोंगडीची जागा गिरणीच्या स्वस्त ब्लँकेटनं घेतली आणि हिशेबच उलटला: कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त. कातरायला तर हवंच, नाहीतर उन्हात मेंढरू हैराण होतं. म्हणून पुष्कळ ठिकाणी लोकर बांधावरच टाकून वाडा, म्हणजे कळपासह फिरणाऱ्या धनगर कुटुंबांचा तांडा, पुढं निघतो.

मग धनगराचा संसार चालतो कशावर? नर कोकरं विकून, आणि शेतात मेंढरं बसवून.

दिवाळीनंतर माणदेश, फलटण, बारामती या भागातले अनेक वाडे घाट उतरून कोकणात जातात. माळावरचं गवत-पाणी संपत आलेलं असतं, कोकणात भातखाचरं मोकळी झालेली असतात. रात्री कळप खाचरात बसतो, सकाळी चरायला जातो, दुसऱ्या रात्री शेजारच्या तुकड्यात. मोबदला पूर्वी भातात मिळे, आता बहुधा रोख. गोठ्यातल्या जनावराचं मूत बरंचसं वाया जातं; इथं ते थेट मातीत मुरतं आणि त्यातला नत्र पिकाला मिळतो. लेंडी सावकाश कुजते, तिचा गुण पुढच्या हंगामातही दिसतो. ना गाडीभाडं, ना खत पसरायची मजुरी. पाऊस तोंडावर आला की वाडे परत घाट चढतात, कारण कोकणातल्या चिखलात या मेंढीचे खूर कुजतात.

खुद्द माळाला या चराईनं काय मिळतं? इथं दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि मला दोन्ही अर्धवट वाटतात. मेंढरांनी माळ उजाड केला, हे एक; चराईनं माळाचं भलंच होतं, हे दुसरं. एकाच जागी कळप वारंवार चरला तर मारवेल, पवन्यासारखी गोड गवतं हटतात, कुसळी माजते, शेवटी जनावर तोंड लावत नाही असा तरवडच उरतो. हे खरं आहे. पण कळप चरून पुढं सरकला आणि गवताला फुटायला सवड मिळाली, तर चित्र निराळं. वाळलेलं गवत कमी झाल्यानं बुडाशी ऊन पोचतं, वणव्याला सरपण कमी मिळतं आणि आखूड गवताची मोकळी जागा चंडोलांना मानवते. म्हणजे निव्वळ मेंढरं मोजून निवाडा करता येत नाही. कळप किती दिवस एका जागी थांबला, हे आधी विचारायला हवं.

लांडगाही याच व्यवहारात आहे. काळवीट-चिंकारा विरळ झाले तिथं दख्खनचा लांडगा बराचसा शेळ्यामेंढ्यांवर जगतो. धनगर त्याला शिव्या देतो, राखणीला कुत्री ठेवतो. पण कळपातलं एखादं मेंढरू त्याचंच, असं मानणारे म्हातारे धनगर अजून भेटतात.

सरकारी कागदावर मात्र माळ म्हणजे ‘पडीक जमीन’. म्हणून त्यावर समतल चर खणायचे, गिरिपुष्प लावायचं आणि त्याला वनीकरण म्हणायचं. एकेकाळचं जंगल तोडून माळ झाले, हा त्यामागचा समज. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातले झाडा-गवतांचे उल्लेख तपासले. निदान साडेसातशे वर्षांपासून पश्चिम महाराष्ट्राचा हा भाग विरळ झाडांचा गवताळ प्रदेशच आहे, असा त्यांचा निष्कर्ष. तिथं दाट झाडं लावणं म्हणजे कळपाची वाट अडवणं. उरलेल्या तुकड्यावर मग जास्त तोंडं येतात, आणि उजाडपणाचा ठपका पुन्हा मेंढरावरच.

दरम्यान धनगरानं आपल्यापुरता तोडगा काढला आहे. जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी: उंच, बाकदार नाकाची, अंगावर लोकर नावापुरती. मटणाला भाव भरपूर, कातरणीची कटकट फारशी नाही. कळपात तिचं रक्त जसजसं वाढतंय तसतशी सनगराच्या मागाला लागणारी काळी लोकर कमी होतेय. ती मेंढी लांबच्या वाटचालीला कितपत टिकते, ते पुढच्या लेखांकात.