तारीख उलटून गेल्यावर

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर १८ तारखेपाशी पेनचा बारीक ठिपका असतो. आज २४. घरात कुणाला काही सांगितलेलं नाही, पण संडासात जाऊन बघण्याच्या फेऱ्या वाढल्यात आणि मनात एकच हिशेब चाललाय: गोळ्या तर चालू आहेत, मग पाळी का नाही? या सहा दिवसांची धाकधूक जिने अनुभवली आहे, तिला ती समजावून सांगावी लागत नाही. तिला हवं असतं ते नीट, सविस्तर उत्तर.

पाळी किती दिवस लांबली हे आपण आधी मोजतो. त्याआधी साधन कोणतं वापरतोय ते बघायला हवं, कारण त्याच सहा दिवसांचा अर्थ प्रत्येक साधनागणिक बदलतो.

सरकारी दवाखान्यात मिळणारी माला-एन घ्या. पाकिटात २८ गोळ्या. त्यातल्या २१ मध्ये संप्रेरकं असतात आणि उरलेल्या ७ गडद रंगाच्या गोळ्या नुसत्या लोहाच्या. रोजची गोळी चालू असताना सहसा बीज बाहेर पडत नाही आणि गर्भाशयाचं अस्तरही पातळच राहतं. २१ गोळ्या संपल्या की शरीरातली संप्रेरकं उतरतात आणि ते पातळ अस्तर गळून पडतं. आपण त्याला पाळी म्हणतो, पण ती खरी पाळी नव्हे. गोळी थांबल्यामुळे झालेला तो रक्तस्राव असतो. अस्तर फारच पातळ असेल तर गळायला काही उरतच नाही. मग एखाद्या महिन्यात नुसता डाग दिसतो, किंवा तोही नाही. एकही गोळी चुकली नसेल तर अशा वेळी दिवस गेलेले असण्याची शक्यता फार कमी असते. लागोपाठ दोन महिने काहीच आलं नाही, तर मात्र तपासणी करावी.

यात सगळ्यात मोठी चूक होते ती घाबरून पुढचं पाकीट सुरू न करण्याची. संरक्षण नेमकं तिथेच तुटतं. दिवस गेलेले असले आणि नकळत काही गोळ्या पोटात गेल्या, तरी त्याने बाळाला अपाय होतो असं आढळलेलं नाही. म्हणून तपासणी होईपर्यंत गोळी चालू ठेवा.

एक गोळी राहिली तर आठवताच घ्यावी, त्या दिवशी दोन घ्याव्या लागल्या तरी चालतं. दोन किंवा जास्त राहिल्या तर पुढचे ७ दिवस निरोध वापरावा. गोळी घेतल्यावर तीन तासांच्या आत उलटी झाली तर ती गोळी पोटात गेलीच नाही असं समजून दुसरी घ्यावी. आणखी एक गोष्ट दवाखान्यात सांगायची राहून जाते. क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन आणि फिट येण्यावरची फेनिटॉइन, कार्बामाझेपिन ही औषधं गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी करतात. घरात टीबीचा कोर्स चालू असलेल्या बाईला हे कुणीतरी आपणहून सांगायला हवं.

छाया गोळीची गोष्ट वेगळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही गोळी सहेली नावानेही मिळते. तिच्यात संप्रेरकं नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा घ्यायची. सुरुवातीच्या महिन्यांत पाळी लांबणं हा तिचा अगदी ओळखीचा परिणाम आहे. पण तारीख उलटून १५ दिवस झाले, तर वाट न बघता तपासणी करावी. आठवड्याची गोळी विसरायला सोपी, म्हणून तिचा वार ठिपक्यासारखाच कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

अंतरा इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचं असतं. त्यावर पाळी आधी विस्कटते आणि वर्षभरात अनेकींची बंदच होते. रक्त आत साठत नाही. अस्तर तयारच होत नाही. इंजेक्शन वेळेवर घेतलं असेल तर याची चिंता नको.

तांबीचं मात्र उलट. तांबी बीज थांबवत नाही, म्हणून पाळी आपल्या तारखेलाच यायला हवी. फार तर थोडी जास्त जाते. तांबी असताना पाळी चुकली तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. दिवस गेले असतील तर गर्भ नळीत असण्याचा धोका असतो. ओटीपोटात एका बाजूला दुखत असेल, चक्कर येत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तातडीची गोळी घेतली असेल तर पाळी आठवडाभर मागेपुढे होऊ शकते. आठवड्यापेक्षा जास्त लांबली तर तपासा. आणि गणपतीत किंवा लग्नघरात पाळी पुढे ढकलायला ज्या गोळ्या घेतात, त्या गर्भनिरोधक नव्हेत. हा गैरसमज मला फार काळजीचा वाटतो, कारण त्या भरवशावर बाकीचं साधन सोडून दिलं जातं.

आता तपासणी. गर्भ अस्तरात रुजल्यावर एचसीजी नावाचं संप्रेरक लघवीत उतरू लागतं. रुजायलाच ६ ते १२ दिवस लागतात, म्हणून घाईने केलेली तपासणी खोटा दिलासा देते. साधन वापरताना तारखेचा भरवसा राहत नाही, तेव्हा दिवस शेवटच्या संबंधापासून मोजा. तीन आठवड्यांनंतर आलेल्या उत्तरावर विसंबता येतं. निश्चय किट आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मोफत मिळतं. सकाळची पहिली लघवी घ्या आणि पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच पट्टी वाचा. दुसरी रेघ फिकट असली तरी ती रेघच. गर्भनिरोधक गोळ्यांमुळे हे उत्तर बदलत नाही.

उत्तर नाही असं आलं आणि तरी पाळी येत नसेल, तर थायरॉईड, पीसीओएस, एकदम घटलेलं किंवा वाढलेलं वजन, अंगावर पाजणं, चाळिशीनंतरचे बदल, ही कारणं डॉक्टर तपासतील. पपई, गूळ, काढे यांनी वेळ जातो, बाकी काही होत नाही.

उत्तर हो आलं आणि मूल नको असेल, तर मेडिकलमधून स्वतः गोळ्या आणू नका. साधन अयशस्वी ठरलं, हे गर्भपातासाठी कायद्याने मान्य केलेलं कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते अविवाहित स्त्रीलाही लागू होतं. २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचं मत पुरतं, आणि सज्ञान स्त्रीला नवऱ्याची सही लागत नाही.