पाय काढताच पिकअप का धरते?

ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की पिकअप लगेच मंदावते, पूर्वीसारखी घरंगळत नाही, ही तक्रार गॅरेजमध्ये नेहमीची. निदानही ठरलेले: ब्रेक धरलेत, नाहीतर बेअरिंग गेले. लायनर आणि बेअरिंग बदलले जातात, बिल होते, गाडी मात्र तशीच. ती खरोखर धरते का, हे आधी कुणी पाहिलेलेच नसते.

गियरमध्ये असताना वेग उतरणे हा दोष नव्हे. तेव्हा चाकेच इंजिनाला फिरवत असतात. गियर जितका खालचा, तितका रोध जास्त.

न्यूट्रलमध्येही निरोगी गाडी मंदावतेच. दोन टनांच्या पिकअपला टायरचा रोध साधारण 20 किलो वजनाइतका असतो. ताशी 80 किलोमीटरला हवेचा रोध त्याच्या दुपटीच्या आसपास जातो, कारण वेग दुप्पट झाला की हा रोध चौपट होतो. दोन्ही मिळून गाडी दर सेकंदाला ताशी एक किलोमीटरच्या आसपास वेग गमावते. रस्त्याला शंभर मीटरला एक मीटर चढ असेल, तर डोळ्यांना तो दिसतही नाही. पण तो टायरच्या रोधाइतकीच आणखी भर घालतो. म्हणून न्यूट्रलमध्ये घरंगळण्याची चाचणी मोकळ्या, सपाट रस्त्यावर, कमी वेगात आणि दोन्ही दिशांनी घ्यावी. त्याआधी टायरमधली हवा तपासावी. हवा कमी असेल तर निम्मे निदान तिथेच होते.

हौद्यात माल असला की गाडी लवकर थांबते, हा समजही चुकीचा आहे. वजनाबरोबर टायरचा रोध त्याच प्रमाणात वाढतो, पण हवेचा जवळपास तितकाच राहतो, त्यामुळे भरलेली गाडी जास्त लांब घरंगळते. रिकाम्या पिकअपचा मागचा फाळका खाली सोडल्याने हवा कमी अडते, असेही अनेक जण मानतात. प्रत्यक्षात फाळका बंद असताना हवेचा भोवरा हौद्यातच फिरत राहतो आणि वरची हवा त्यावरून सरकून जाते. फाळका पाडून सहसा काही मिळत नाही.

खरा दोष शोधायचा तर काही अंतर ब्रेक न लावता गाडी चालवावी, हलक्या चढावर ती आपोआप थांबू द्यावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात नेऊन उष्णता पाहावी. थेट ड्रमला किंवा डिस्कला हात लावू नये. एखादे चाक इतरांपेक्षा बरेच गरम असेल, तर गाडी जॅकवर घेऊन ते हाताने फिरवावे. फिरत नसेल, तर त्या चाकाचा ब्लीड निपल किंचित सैल करावा. ऑइल जोराने उडाले आणि चाक सुटले, तर दाब अडकला आहे: आतून फुगलेला रबरी होज किंवा मास्टर सिलिंडर तपासा. चाक तरीही सुटले नाही, तर कॅलिपरच्या सुकलेल्या पिना, अडकलेला पिस्टन, ड्रममधल्या थकलेल्या स्प्रिंगा किंवा गंजलेली हातब्रेकची केबल यांत दोष असतो. बेअरिंग खराब झाले की बहुधा आधी आवाज येतो. नुसत्या शंकेवरून ते बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. फोर बाय फोर गाडी कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्येच राहिली असेल, तर वळताना ती धरते आणि स्टिअरिंग जड होते. ब्रेक खोलण्याआधी फोर-व्हीलचा लिव्हर पाहावा.

सर्वांत धोक्याचा गैरसमज म्हणजे गाडी मंदावू नये आणि डिझेल वाचावे म्हणून उतारावर न्यूट्रल टाकणे. आजच्या कॉमन रेल इंजिनात गियर असताना पाय काढला की इंधनाचा पुरवठा थांबतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतच राहते. इंजिन बंद केले, तर ब्रेक बूस्टरचा व्हॅक्यूम पेडल काही वेळा दाबताच संपतो आणि स्टिअरिंगही जड होते. 20 नोव्हेंबर 2022 रोजी पुण्यात नवले पुलाजवळच्या उतारावर एका अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद केल्याचे पोलिसांच्या प्राथमिक तपासात पुढे आले होते. चालकांनी उतारावर गाडी गियरमध्येच ठेवावी आणि मालकांनी त्यांच्याकडे डिझेलच्या बचतीसाठी न्यूट्रलचा आग्रह धरू नये.