परिच्छेद दुसऱ्याच्या हातात

कार्लोसची पाळी आली की तो अडखळायचा. घरी स्पॅनिश आणि शाळेत इंग्रजी. गटातली मुले हसायची, कुणी टाकून बोलायचे. ही गोष्ट १९७१ मधली, अमेरिकेतील टेक्सास राज्यातल्या ऑस्टिनमधली. वंशभेदाच्या भिंती मोडून गोरी, कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली होती. मैत्री दूरच, मारामाऱ्या सुरू झाल्या.

टेक्सास विद्यापीठातील सामाजिक मानसशास्त्रज्ञ एलियट अॅरन्सन यांना शाळांनी मदतीला बोलावले. त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी आधी नुसते वर्ग पाहिले. शिक्षिका प्रश्न विचारते, हात वर होतात, एकाला संधी मिळते आणि बाकीचे हिरमुसतात. उत्तर चुकले की इतरांना आनंद! अशा वर्गात शेजारचा मुलगा प्रतिस्पर्धीच वाटणार.

मग पाठच वाटून टाकला. वृत्तपत्रकार जोसेफ पुलित्झर यांच्या चरित्राचे सहा परिच्छेद आणि सहा मुलांचा गट. प्रत्येकाला एकच परिच्छेद. उरलेले पाच कळायचे तर पाच जणांचे ऐकायलाच हवे, कारण परीक्षा सगळ्या पाठावर आणि ज्याची त्याने द्यायची. चित्राचे तुकडे जोडण्याच्या खेळावरून या पद्धतीला ‘जिगसॉ क्लासरूम’ हे नाव पडले.

यातली एक पायरी फार विचारपूर्वक ठेवलेली आहे. आपल्या गटाला सांगण्याआधी, वेगवेगळ्या गटांतली पण तोच परिच्छेद मिळालेली मुले एकत्र बसतात. पुन्हा वाचतात, शंका विचारतात, कसे सांगायचे याची तालीम करतात. वाचनात कच्च्या मुलाला इथे आधार मिळतो. तो रिकाम्या हाताने गटात परतत नाही. शिवाय दुसऱ्याला सांगायचे म्हटले की वाचणेही बदलते. नुसती नजर फिरवून भागत नाही.

कार्लोसच्या गटाला कुणी उपदेश केला नाही. थोड्याच वेळात परीक्षा आहे आणि त्याचा परिच्छेद फक्त त्यालाच ठाऊक आहे, एवढीच आठवण दिली. चिडवून हाती काही लागत नाही हे मुलांना काही दिवसांत उमगले. ती त्याला नेमके प्रश्न विचारू लागली. तोही मोकळा होत गेला, आणि तो वाटला होता त्यापेक्षा हुशार आहे हे त्यांना दिसले.

नुसते शेजारी बसवल्याने पूर्वग्रह जात नाहीत. समान दर्जा आणि समान उद्दिष्ट लागते, असे गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच मांडले होते. ऑस्टिनमध्ये काही आठवड्यांनी जिगसॉ गटांतील मुलांना एकमेकांविषयी अधिक आपुलकी वाटू लागली, आत्मविश्वास वाढला. कृष्णवर्णीय व मेक्सिकन मुलांचे गुण सुधारले आणि गोऱ्या मुलांचे घटले नाहीत.

गुणांबाबत मात्र सावध राहायला हवे. अलीकडे फ्रान्समधील शाळांत झालेल्या प्रयोगांत शिकण्यावर फारसा परिणाम आढळला नाही. पाठाचे तुकडे कसे पाडले, मुलांना वेळ किती दिला, यावर बरेच अवलंबून असावे. परिच्छेद स्वतंत्रपणे समजण्याजोगा नसेल, तर चांगले वाचणारे मूलही गटापुढे गोंधळते. म्हणून शिक्षकाचे अर्धे काम वर्ग भरण्याआधी, हातात कात्री घेऊन पाठ वाचतानाच होते.