उसाच्या बेटावरचे शहर : पोर्ट लुईसमध्ये काय पाहावे?



लागण, खोडवा, खताचे हप्ते आणि पाणीपाळ्या हे या पानावरचे आपले नेहमीचे विषय. आज थोडी वाट बदलली आहे. ऊसनोंदीसाठी गटऑफिसला येणारे काही सभासद हल्ली विचारतात, "साहेब, पोरं म्हणतात एकदा विमानानं मॉरिशसला जाऊन येऊ. तिथं समुद्राशिवाय बघण्यासारखं आहे तरी काय?" प्रश्न रास्त आहे. टूरवाल्यांच्या रंगीत पत्रकात निळे पाणी, पांढरी वाळू आणि नवी जोडपी एवढेच असते. ऊस पिकवणाऱ्या माणसाने तिथे काय पाहावे, हे त्यात छापत नाहीत. म्हणून हा लेख.

बेटाची ओळख

मॉरिशस हे हिंदी महासागरातले, मादागास्करच्याही पूर्वेचे बेट. क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्याच्या पाव हिश्श्याएवढे. राजधानी पोर्ट लुईस. विषुववृत्ताच्या वर आपण १८ अंशांवर, तर ते खाली २० अंशांवर. त्यामुळे हवा उष्ण कटिबंधातली, पण ऋतू उलटे. आपल्याकडे पावसाळा चालू असतो तेव्हा तिथे थंडी आणि ऐन गळीत हंगाम. तिकडचे कारखाने साधारण जून ते डिसेंबर चालतात.

या बेटावर १६३९ मध्ये डच लोकांनी जावा बेटावरून उसाचे बेणे आणले. डचांमागून फ्रेंच आले. त्यांचा गव्हर्नर ला बूर्दोने १७३५ मध्ये आला आणि त्याने पोर्ट लुईसला राजधानी व बंदर म्हणून आकार दिला. १८१० मध्ये बेट इंग्रजांकडे गेले. राज्यकर्ते बदलले, पीक मात्र ऊसच राहिले. याला कारणही तसेच आहे. तिथे चक्रीवादळे येतात. वादळात झाडे उन्मळून पडतात, इतर पिके झोपतात ती झोपतातच. ऊस लोळला तरी पुन्हा उभारी धरतो. आपल्या सभासदांना हे वेगळे सांगायला नको.

शहरातील ठिकाणे

बंदरालगत मध्यवर्ती बाजार आहे. भाजीपाला, फळे, मसाले, औषधी मुळ्या असा सगळा माल एका छपराखाली मिळतो. बाजाराच्या आसपास गाड्यांवर 'दाल पुरी' मिळते. वाटलेल्या डाळीचे सारण भरलेली पोळी. आपल्या पुरणपोळीची बिनगुळाची बहीणच म्हणा ना! शाकाहारी माणसाची पोटाची अडचण तिथेच मिटते.

गावामागच्या टेकडीवर फोर्ट अ‍ॅडलेड हा किल्ला आहे. इंग्रजांनी तो १८३४ ते १८४० या काळात बांधला. वर चढून गेल्यावर एका बाजूला बंदर आणि दुसऱ्या बाजूला शां द मार्स हे घोड्यांच्या शर्यतीचे मैदान दिसते. या मैदानावर १८१२ पासून शर्यती होत आल्या. पण आपल्या दृष्टीने त्याचे महत्त्व निराळे. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झाले, तेव्हा नवा झेंडा याच मैदानावर चढला. गांधीजींची दांडीयात्रा ज्या तारखेला निघाली, तीच ही तारीख.

बंदराजवळ ब्लू पेनी नावाचे संग्रहालय आहे. १८४७ सालची, जगात मोजकीच उरलेली दोन टपाल तिकिटे तिथे जपून ठेवली आहेत. रंग उडू नये म्हणून त्यांच्यावरचा दिवा अधूनमधून थोडाच वेळ लावतात. निसर्गविज्ञान संग्रहालयात डोडो पक्ष्याचा सांगाडा आहे. न उडणारा, गलेलठ्ठ असा हा पक्षी याच बेटावर होता. माणूस आला आणि शंभरेक वर्षांत तो संपला. मुलांना हे अवश्य दाखवावे.

शहराबाहेर, पण चुकवू नये असे

पोर्ट लुईसच्या उत्तरेला पांपलमूस येथे जुने वनस्पती उद्यान आहे. परातीएवढी पाने असलेली कमळे पाहून घरची बायामाणसे खूश होतील. देशाचे पहिले पंतप्रधान सर शिवसागर रामगुलाम यांच्यावर अंत्यसंस्कार याच उद्यानात झाले. त्यांचे वडील मजूर म्हणून हिंदुस्थानातून या बेटावर आले होते.

उद्यानाजवळच बो प्लां येथे साखरेचे संग्रहालय आहे. हा पूर्वीचा चालता साखर कारखाना. तो १९९९ मध्ये बंद झाला आणि २००२ मध्ये तिथेच संग्रहालय उघडले. यंत्रसामग्री जागेवर ठेवली आहे. गव्हाणीपासून साखरेपर्यंतचा सगळा प्रवास पायी चालत पाहता येतो. आपला कारखाना पाहिलेल्या माणसाला तिथे वाटाड्या लागणार नाही. पण पाहताना एक गोष्ट मनात ठेवावी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला या एवढ्याशा बेटावर अडीचशेच्या वर साखर कारखाने होते. आज तीन उरले आहेत. १९७५ च्या करारानुसार युरोप त्यांची साखर ठरलेल्या चढ्या भावाने घेत असे. २००६ पासून तो भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कमी झाला आणि २००९ मध्ये करारच संपला. लहान शेतकऱ्यांनी ऊस सोडला आणि कितीतरी जमीन पडीक पडली. कारखाने टिकले ते बगॅसपासून वीज करून आणि चांगल्या प्रतीची खास साखर बनवून. एकाच गिऱ्हाइकावर विसंबू नये, हा धडा तिथे भिंतीवर लिहिलेला नाही, पण वाचता येतो.

गाडीतून जाताना उसाच्या फडात काळ्या दगडांचे मोठमोठे ढीग दिसतील. काही तर पायऱ्यापायऱ्यांचे, देवळाच्या चौथऱ्यासारखे रचलेले. बेट ज्वालामुखीचे, दगड आपल्या बालाघाटासारखाच काळा. जमीन लागणीला आणण्यासाठी तो एकेक दगड हाताने वेचून बाहेर काढला गेला. आता यंत्राने तोडणी करण्यासाठी काही शेतांतले ढीग हलवले आहेत. जे उरलेत ते पाहून ठेवावेत. माळाची जमीन ज्याने स्वतः दगड वेचून वाहितीला आणली, त्याला त्या ढिगांची किंमत लगेच कळेल.

बेटाच्या दक्षिण भागात, डोंगरात गंगा तलाव आहे. महाशिवरात्रीला लोक लांबून पायी कावडी घेऊन येतात. काठावर शंकराची १०८ फूट उंच मूर्ती आहे.

आपली माणसे

मॉरिशसमध्ये मराठी माणसेही आहेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यांचे पूर्वज मुंबई बंदरातून गेले. त्यांत रत्नागिरी, सातारा या बाजूचे पुष्कळ. आपला भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आज त्या घरांतून बोलणे क्रिओल भाषेत चालते, तरी शाळांतून मराठी शिकवतात, कोकणची जाखडी नाचतात आणि गणपती बसवतात. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते. २०२३ मध्ये तिथल्या महाराष्ट्र भवनात छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला. ही माणसे तिथे पोचली कशी, हे समजायचे तर पुन्हा पोर्ट लुईसच्या बंदरावर यावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे : आप्रवासी घाट

हे ठिकाण बाजारापासून हाकेच्या अंतरावर आहे. लेखात मात्र मुद्दाम शेवटी ठेवले आहे.

१ फेब्रुवारी १८३५ रोजी मॉरिशसमध्ये गुलामगिरी बंद झाली. फडात राबायला माणसे हवीत, म्हणून त्याच्या आदल्याच वर्षी हिंदुस्थानातून करारावर मजूर आणायला सुरुवात झाली होती. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'अ‍ॅटलस' जहाजातून ३६ मजूर उतरले. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून साडेचार लाखांवर माणसे या बेटावर आली. करार पाच वर्षांचा. मजुरी महिना पाच रुपयांच्या आसपास आणि वर शिधा. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापायची, असा नियम. करार म्हणजे 'अ‍ॅग्रीमेंट', त्याचे या लोकांच्या तोंडी झाले 'गिरमिट'. बहुतेक जण परतले नाहीत.

जहाजातून उतरल्यावर ज्या दगडी पायऱ्या चढून ही माणसे मळ्यांकडे गेली, त्या पायऱ्या आजही जागेवर आहेत. १८४९ मध्ये तिथे मजुरांचा तळ बांधला. पूर्वी या जागेला 'कुली घाट' म्हणत. आता 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ मध्ये युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. जवळच गुलामगिरीचा इतिहास सांगणारे नवे संग्रहालयही २०२३ मध्ये सुरू झाले आहे. एक तास हाताशी ठेवून दोन्ही पाहावीत.

तिथे राजवाडा नाही, नक्षीकाम नाही. थोड्या पायऱ्या, थोड्या भिंती. पण देशाने साऱ्या जगाला दाखवायला म्हणून जी पहिली जागा पुढे केली, ती ऊस तोडणाऱ्यांची आहे. साखर कोणाची, मळा कोणाचा, हे लोक विसरले. तोडणाऱ्याला विसरले नाहीत.

याला आणखी एक कारण आहे. मजूर उतरला की त्याचे नाव, वय आणि मूळ गाव नोंदवून त्याला क्रमांक देत. पुढे फोटोही काढू लागले. हे सारे मळेवाल्याच्या सोयीसाठी, माणूस पळून जाऊ नये म्हणून. पण नोंद झाली. ती दप्तरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत सांभाळली आहेत. आज चौथ्या-पाचव्या पिढीचा नातू तिथे जातो आणि पणजोबाचे गाव शोधून काढतो.

आता आपल्याकडे पाहू

हे वाचून आपल्या फडातली टोळी डोळ्यांपुढे आली नसेल, तर लेख वाया गेला म्हणायचा. आपला ऊसही दुरून आलेली माणसेच तोडतात. त्यांचाही करार असतो, त्याला आपण उचल म्हणतो. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतो. कारखान्याच्या करारावर वाहतूकदाराचे आणि मुकादमाचे नाव असते. पावतीवर गाडीचा नंबर, सभासदाचे नाव आणि वजन असते. ऊस तोडला कोणी, हे कुठल्याच कागदावर नसते. गोऱ्या मळेवाल्याने आपल्या स्वार्थासाठी का होईना, जे लिहून ठेवले, तेवढेही सहकारात आपण लिहीत नाही. २०२१ पासून शासनाने ऊसतोड कामगारांची नोंद करून गावातूनच ओळखपत्र देण्याचे काम हाती घेतले आहे. पण आपल्या फडात कोण आले, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार?

म्हणून ऊस विकास अधिकारी या नात्याने सभासदांना एक विनंती करतो. येत्या हंगामात तुमच्या फडात टोळी उतरेल, त्या पहिल्या दिवशी एका वहीत सगळ्यांची नावे लिहा. बाईचे नाव स्वतंत्र लिहा, 'अमक्याची बायको' असे नको. गाव लिहा. बरोबर मुले असतील तर त्यांची नावे, वय आणि इयत्ता लिहा. ती यादी चिटबॉयजवळ द्यावी, म्हणजे गटऑफिसला फाइल करता येईल. मुलांच्या शाळेसाठी आणि अपघात झाल्यास विम्याच्या कागदासाठी ती तिथल्या तिथे उपयोगी पडेल. शिवाय नाव विचारले की पुढचे आपोआप विचारले जाते, पाणी कुठून आणता, रात्री उजेड आहे का, दुखलेखुपले तर काय करता.

प्रवासाबद्दल थोडे

मुंबईहून विमानाने सुमारे सहा तास लागतात. तिथले घड्याळ आपल्या दीड तास मागे. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. नाणे रुपयाच, पण त्यांचा वेगळा. पासपोर्ट आणि प्रवेशाचे नियम निघण्यापूर्वी तपासून घ्यावेत. जानेवारी ते मार्च हे वादळाचे दिवस टाळावेत. हंगामापूर्वी, ऑगस्ट-सप्टेंबरात आपली कामे थोडी हलकी असतात आणि तिकडे तोडणी जोरात असते. ऊसवाल्याने जायचे ते तेव्हाच.

ज्यांना जाणे जमेल त्यांनी जरूर जावे, घरच्या मंडळींनाही न्यावे. ज्यांना जमणार नाही त्यांनी वहीचे तेवढे काम करावे. त्याला ना पासपोर्ट लागतो, ना तिकीट.

जय सहकार!